लेखणीची पेढी

व्यापाऱ्याच्या घरात मुलगा वयात आला की तो गादीवर केव्हा बसणार, एवढाच प्रश्न पूर्वी असे. बसणार की नाही, हा प्रश्न कोणाच्या मनातही येत नसे. आता तसे राहिलेले नाही. आमच्या सभासदांच्या घराघरांतून अलीकडे एक नवेच वाक्य ऐकू येते : "मला दुकानात बसायचे नाही, मला मार्केटिंगमध्ये जायचे आहे, जाहिराती लिहायच्या आहेत." हे वाक्य कधी मुलाच्या तोंडी असते, कधी मुलीच्या, तर कधी नव्याने घरात आलेल्या सुशिक्षित सुनेच्या. त्यावर घरातील वडील माणसे क्षणभर गप्प होतात आणि मग विचारतात, "लिहून का कोठे प्रपंच होतो?"

हा प्रश्न तुच्छतेने विचारलेला नसतो. ज्यांनी एकेक गिऱ्हाईक जोडून पेढी उभी केली, त्यांना पोटाची काळजी ठाऊक असते, आणि आपल्या मुलाने ती काळजी न करता घराबाहेर पडावे हे त्यांना सहन होत नाही. म्हणून या प्रश्नाला उपदेशाने नव्हे, तर हिशेबाने उत्तर दिले पाहिजे. आम्ही स्वतः कापडाच्या दुकानात गादीवर बसूनच लिहावयास शिकलो आणि पुढे बराच काळ दुसऱ्यांच्या मालासाठी लेखणी झिजविली. त्या अनुभवावरून आमचे उत्तर असे, की लिहून प्रपंच होतो. मात्र लेखन हा छंद म्हणून न करता पेढी म्हणून चालविले पाहिजे. पेढीला जे नियम लागू, तेच लेखणीला लागू. ते नियम कोणते, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

व्यापार आणि लेखणी यांचे जुने नाते

व्यापारी आणि लेखक ही दोन वेगळी माणसे आहेत, हा समज मुळातच खरा नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतील बनारसीदास हे जौनपूर येथे १५८६ साली जन्मलेले जैन व्यापारी. आग्र्यास माल घेऊन गेले, पण व्यापारात ठोकर खाल्ली. त्या पडत्या दिवसांत ते रात्री दहा-वीस श्रोत्यांना प्रेमकथा वाचून दाखवीत आणि एका कचोरीवाल्याकडून उधारीवर कचोऱ्या खाऊन दिवस काढीत. पुढे वयाच्या ५५ व्या वर्षी, १६४१ साली, त्यांनी 'अर्धकथानक' हे आत्मचरित्र पद्यात लिहिले. भारतीय भाषांतील पहिल्या आत्मचरित्राचा मान बहुधा त्यालाच देतात. त्यात त्यांनी आपला तोटा, आपला गलथानपणा आणि आपल्या चुका झाकून ठेवलेल्या नाहीत. नफ्यातोट्याची वही जशी खरी लिहावी, तसे त्यांनी आयुष्य लिहिले.

त्याहून जवळचे उदाहरण आमच्या बेळगावशीच निगडित आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १८८८ साली याच गावात सायकलींचे दुकान काढले आणि पुढे शेतीची अवजारे बनविण्यास प्रारंभ केला. लोखंडी नांगर तयार झाला, परंतु तो विकणे सोपे नव्हते. लोखंडाच्या फाळाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. माल चांगला असणे एक आणि तो चांगला आहे हे गिऱ्हाइकाला पटणे दुसरे, ही गोष्ट तेव्हा त्या घराण्याला पुरती कळली असली पाहिजे. १९१० साली कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली आणि १९२० साली लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' नावाचे मासिक सुरू केले. ते मूळचे कारखान्याचे बातमीपत्र. कारखान्यात काय बनते, कसे वापरावे, कोठे काय चालले आहे, हे त्यातून गिऱ्हाइकांना कळे. परंतु शंकररावांनी त्यात केवळ आपल्या मालाची स्तुती छापली नाही. वाचणाऱ्याला स्वतःच्या उपयोगाचे काही मिळाले पाहिजे, हे सूत्र धरून त्यांनी ज्ञानाचे, उद्योगाचे आणि समाजसुधारणेचे लेख त्यात आणले. पुढे 'खबर' हा शब्द गळून पडला, 'किर्लोस्कर' हे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले आणि त्याच्या जोडीला १९३० मध्ये 'स्त्री' व १९३४ मध्ये 'मनोहर' ही मासिके निघाली.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. नांगर खपविण्यासाठी काढलेले एक पत्रक लोकांच्या विश्वासास पात्र झाले, म्हणून त्याचे मासिक झाले. विक्रीचे लेखन टिकते कशाने, याचे उत्तर या एका उदाहरणात आहे. वाचकाचे हित आधी आणि आपला माल मागाहून, हा क्रम ज्याने पाळला त्याची लेखणी टिकली.

लेखणीच्या या प्रकारावर साहित्यिकांनीही आपला संसार चालविला आहे. कोल्हापुरात जन्मलेले आणि मराठी व इंग्रजी या दोन्ही भाषांत नाव मिळविलेले कवी अरुण कोलटकर यांनी मुंबईच्या जाहिरात-क्षेत्रात दीर्घकाळ चित्रकार-रचनाकार म्हणून काम केले. तेव्हा जाहिरातीत गेल्याने वाङ्मय बुडते, ही भीतीही बाळगण्याचे कारण नाही.

हे काम नेमके कोणते?

जाहिरात लिहिणे म्हणजे यमके जुळविणे किंवा चटकदार वाक्य शोधणे, असा समज तरुणांतही असतो आणि वडीलधाऱ्यांतही. वस्तुतः चटकदार वाक्य हा या कामाचा अगदी लहान भाग होय. मालाच्या पाकिटावरील मजकूर, दरपत्रक, गिऱ्हाइकाला जाणारे पत्र, दुकानाचे माहितीपुस्तक, संकेतस्थळावरील पाने, भ्रमणध्वनीवर जाणारा चार ओळींचा संदेश, अर्ध्या मिनिटाच्या चित्रफितीची संहिता, तक्रारीला द्यावयाचे उत्तर, ही सर्व लेखणीचीच कामे. त्यांतील बहुतेकांवर लेखकाचे नाव नसते, आणि ज्याला नावाची हौस आहे त्याने हे आधीच समजून घ्यावे.

एक उदाहरण घेऊ. समजा, आपल्यापैकी एकाचा गुळाचा व्यापार आहे आणि त्याने एका होतकरू तरुणाकडून जाहिरात लिहून घेतली. तो तरुण घरी बसून लिहितो : "उत्कृष्ट, शुद्ध, चविष्ट व दर्जेदार गूळ. एकदा अवश्य भेट द्या." यात खोटे काही नाही, पण खरेही काही नाही. हेच वाक्य तेलाला, तुपाला आणि चहापुडीलाही चालेल. जे वाक्य कोणत्याही मालाला चालते, ते कोणताच माल विकत नाही.

आता दुसरा लेखक घेऊ. तो हंगामात गुऱ्हाळावर जातो. चुलवाणावर काहील चढलेली आहे, चिपाडांचा जाळ चालू आहे, रस उकळतो आहे. त्यात भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी वर येते आणि ती काढून टाकतात, हे तो डोळ्यांनी पाहतो. गुळाला बाजारात आवडणारा पिवळाधमक रंग पुष्कळदा रंग उजळविणारी रासायनिक पूड घालून आणलेला असतो, आणि ती न घातल्यास गूळ तांबूस-काळसर होतो, हे त्याला गुळव्या सांगतो. पावसाळ्यात गूळ पाझरतो, ही गिऱ्हाइकाची नेहमीची तक्रार त्याला दुकानातील नोकर सांगतो. मग तो लिहितो :

"हा गूळ पिवळाधमक दिसणार नाही. रस स्वच्छ करण्यासाठी भेंडीचा रस वापरला आहे. रंग उजळविणारी पूड वापरलेली नाही, म्हणून त्याचा रंग तांबूस-काळसर आहे. पावसाळ्यात तो ओलावा धरतो. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा. एक किलोची ढेप."

या मजकुरात एकही विशेषण स्तुतीचे नाही. उलट मालाचे जे वैगुण्य समजले जाते, तेच पुढे मांडून त्याचे कारण सांगितले आहे. आहारात काय पडते याविषयी आपल्या घरांतील बायका किती चोखंदळ असतात, हे आम्ही सांगावयास नको. त्यांच्या मनातील शंकेला यात उत्तर आहे, म्हणून हा मजकूर काम करील. पहिल्या आणि दुसऱ्या लेखकात भाषेचा फरक फार थोडा आहे. फरक आहे तो गुऱ्हाळापर्यंत चालत जाण्याचा.

जाहिरातीच्या जगात डेव्हिड ऑगिल्वी हे नाव मोठे आहे. त्यांनी १९४८ साली न्यू यॉर्कमध्ये आपली संस्था काढली. परंतु त्यापूर्वी ते स्कॉटलंडमध्ये दारोदार फिरून 'आगा' नावाच्या स्वयंपाकाच्या शेगड्या विकीत असत, आणि त्याच अनुभवावर त्यांनी १९३५ साली विक्रेत्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. पुढील सारे यश त्या दारोदार फिरण्यावर उभे होते. आमचे मत असे, की या बाबतीत व्यापाऱ्याच्या मुलांना जन्मतःच भांडवल मिळालेले असते. दहाव्या वर्षापासून सुटीत दुकानात बसून ज्याने गिऱ्हाईक पाहिले, भाव विचारून परत जाणाऱ्याची पाठ पाहिली, ठाण उलगडल्यावर बाईचा हात प्रथम कोठे जातो हे पाहिले, त्याला जे कळते ते कोणत्याही महाविद्यालयात विकत मिळत नाही. तेव्हा जाहिरातलेखन शिकू इच्छिणाऱ्या मुलाने दुकान सोडण्याची घाई करू नये. निदान दोन हंगाम गादीवर बसावे आणि रोज रात्री गिऱ्हाइकांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत एका वहीत लिहून ठेवावेत. ती वही हे त्याचे पहिले पाठ्यपुस्तक.

सीमाभागातील मुलांजवळ आणखी एक भांडवल आहे, ते भाषेचे. आमच्या बाजारात चंदगडचे गिऱ्हाईक मराठी बोलते, गोकाकचे कन्नड बोलते, गोव्याहून आलेले कोंकणीत भाव करते आणि घाऊक पेढ्यांशी व्यवहार हिंदीत होतो. जी भाषा आपण ये-जा करताना शिकलो तिची किंमत आपल्यालाच कळत नाही. एकाच मालाविषयी दोन भाषांत मूळचे लिहिल्यासारखे लिहू शकणारा माणूस सहज सापडत नाही. केवळ भाषांतर करणारे पुष्कळ मिळतात.

छापलेला शब्द ही दर्शनी हुंडी

आता या व्यवसायातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. हुंडीचा व्यवहार जुन्या पिढीला परिचित आहे. दर्शनी हुंडी म्हणजे जी दाखविताच पैसे मोजावे लागतात ती. आमच्या मते जाहिरातीतील प्रत्येक वाक्य ही पेढीवर काढलेली दर्शनी हुंडीच होय. गिऱ्हाईक ती हातात घेऊन दुकानात येते आणि ती सकारणे पेढीला भाग असते. लेखक हुंडी लिहितो. फेडावी मात्र व्यापाऱ्याला लागते. ही जाणीव ज्या लेखकाला नाही, त्याला कोणी दुसऱ्यांदा बोलावीत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. तरुणपणी एका दिवाळीस आम्हीच आमच्या दुकानाचे हस्तपत्रक लिहिले आणि त्यात उत्साहाच्या भरात छापून टाकले की, 'आमच्या प्रत्येक लुगड्याचा रंग पक्का.' सर्व माल आम्ही तपासला होता काय? नव्हता. महिन्याभराने जवळच्या खेड्यातील एक वृद्ध बाई रंग गेलेले लुगडे आणि घडी घातलेले ते हस्तपत्रक, दोन्ही घेऊन आली. तिने आवाज चढविला नाही. एवढेच म्हणाली, "कापड खोटं का कागद खोटा, तेवढं सांगा." वडिलांनी तिला मुकाट्याने पैसे परत दिले आणि गाडीभाडेही दिले. आम्हांला ते काही बोलले नाहीत. पण उरलेली पत्रके त्यांनी त्याच सायंकाळी आमच्याच हातून बंबात घालविली. त्या दिवसापासून आम्ही जे वाक्य लिहितो, त्यापुढे मनात तो प्रश्न उभा करून पाहतो.

श्रावकाच्या सत्याणुव्रताचे जे अतिचार तत्त्वार्थसूत्रात सांगितले आहेत, त्यांत कूटलेखक्रिया म्हणजे खोटा लेख करणे हा एक आहे. ही शिकवण आता देशाच्या कायद्यानेही वेगळ्या भाषेत सांगितली आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल केंद्रीय प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा तसेच घडल्यास ५० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकते. खाद्यपदार्थांविषयी काय म्हणता येते आणि काय नाही, याचे २०१८ चे स्वतंत्र नियम आहेत. औषधांच्या चमत्कारिक गुणांच्या जाहिरातींना तर १९५४ पासूनच कायद्याने बंदी आहे. तेव्हा 'अमुक खाल्ल्याने मधुमेह बरा होतो' असे लिहून द्या म्हणणाऱ्या व्यापाऱ्याला नम्रपणे नकार देणे, हेही लेखकाचे कामच आहे. त्या नकाराने एक काम जाईल. परंतु ज्याच्या नकाराला अर्थ आहे, त्याच्याच होकारावर पुढे लोक विसंबतात.

पेढीचा हिशेब

माल आणि पत यांविषयी सांगितले, आता हिशेबाविषयी. गोड लिहिणारे पुष्कळ तरुण या व्यवसायातून दोन-तीन वर्षांत बाहेर पडतात, त्याचे कारण बहुधा लेखनात नसते, हिशेबात असते.

पहिली गोष्ट मेहनतान्याची. शब्दाला इतके पैसे, असा दर धरणे आम्हांस पटत नाही. वर दिलेल्या गुळाच्या वाक्यांना शब्दांच्या दराने काय मिळणार? त्यांच्यामागे दोन दिवसांची पायपीट आहे. म्हणून दर दिवसाचा काढावा. समजा, एखाद्याच्या घरखर्चास महिना ३०,००० रुपये लागतात. यंत्र, प्रवास, वीज, कर यांस १०,००० धरले आणि अडीअडचणीसाठी ५,००० बाजूस टाकावयाचे ठरविले, तर गरज ४५,००० ची झाली. महिन्यात २५ दिवस काम केले, तरी त्यांतील सुमारे १० दिवस नवे काम शोधण्यात, वाचनात आणि येणे वसूल करण्यात जातात. बिलावर चढणारे दिवस उरले १५. म्हणजे एका दिवसाचा दर ३,००० रुपये पडला. नवशिके मात्र ४५,००० ला २५ ने भागून १,८०० हा दर सांगतात आणि वर्षाअखेर आपण बुडालो कसे, याचे त्यांना कोडे पडते. दुकानदार घट, तूट आणि भाडे धरून भाव काढतो. लेखकानेही तसाच काढावा.

दुसरी गोष्ट गिऱ्हाइकांची. ज्याचे अर्ध्याहून अधिक उत्पन्न एकाच पेढीकडून येते, तो स्वतंत्र व्यावसायिक नव्हे. तो हजेरीपटावर नाव नसलेला नोकर होय. चार-पाच गिऱ्हाइके असावीत आणि त्यांतील दोन तरी दरमहा ठरलेले काम देणारी असावीत. सणासुदीच्या आधी कामाचा पूर येतो आणि नंतरचे महिने कोरडे जातात, हे कापडवाल्यांना सांगावयास नको. म्हणून सहा महिन्यांचा घरखर्च साठेपर्यंत नोकरी किंवा दुकान सोडू नये, हा आमचा स्पष्ट सल्ला आहे.

तिसरी गोष्ट लेखी कराराची. काम काय, किती वेळा दुरुस्ती करून देणार, पैसे केव्हा, हे एका पानावर लिहून दोघांनी सही करावी आणि काही रक्कम आगाऊ घ्यावी. १९५७ च्या लेखाधिकार कायद्याप्रमाणे नोकरीत असताना कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुराचा पहिला धनी, वेगळा करार नसल्यास, मालक असतो. स्वतंत्र लेखकाने लिहिलेल्याचा पहिला धनी सामान्यतः तो लेखकच असतो आणि हा हक्क दुसऱ्यास द्यावयाचा तर ते लेखी द्यावे लागते. त्या लेखात मुदत लिहिली नाही, तर ती ५ वर्षांचीच धरली जाते. व्यापारी आणि लेखक या दोघांनीही हे ध्यानात ठेवल्यास पुढील कटुता टळेल.

चौथी गोष्ट परिणामाच्या नोंदीची. क्लॉड हॉपकिन्स यांनी १९२३ साली 'सायंटिफिक ॲडव्हर्टायझिंग' या पुस्तकात हाच आग्रह धरला होता, की कोणत्या जाहिरातीने किती गिऱ्हाइके आली ते मोजा. त्या काळी वर्तमानपत्रात कापून पाठवावयाची चिठ्ठी छापीत आणि परत आलेल्या चिठ्ठ्या मोजीत. आज साधने बदलली आहेत, दोन जाहिरातींत दोन वेगळे दूरध्वनी क्रमांक दिले, किंवा गल्ल्यावर "आमच्याविषयी कोठे वाचले?" एवढे विचारले, तरी काम भागते. आपल्या लिखाणाने काय घडले, याची खतावणी ज्या लेखकाजवळ आहे, त्याला आपला दर वाढवून मागताना शब्द शोधावे लागत नाहीत.

पाचवी गोष्ट एका क्षेत्रात मुरण्याची. सर्व विषयांवर लिहिणारा हा किराणा दुकानासारखा. त्याची स्पर्धा साऱ्या गल्लीशी. पण धान्य, सोनेचांदी, शेतीची अवजारे, औषधे किंवा यंत्रमागाचे कापड, यांपैकी एखाद्या व्यापाराची खोल माहिती ज्याने मिळविली, त्याच्याकडे लोक दूरच्या गावाहून येतात.

यंत्राचा प्रश्न

२०२२ च्या नोव्हेंबरात 'चॅट-जीपीटी' हे यंत्र सर्वांसाठी खुले झाले आणि तेव्हापासून अनेक पालक आम्हांस विचारतात, की आता यंत्रच क्षणात जाहिरात लिहिते, तर आमच्या मुलाने हे शिकून काय करावे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर गोड करून सांगण्यात अर्थ नाही. "उत्कृष्ट, शुद्ध, चविष्ट व दर्जेदार" असे लिहिणाऱ्याचे काम गेले. ते यंत्र फुकट करील आणि शुद्धलेखनही कदाचित अधिक चांगले राखील. परंतु यंत्र गुऱ्हाळावर जात नाही. लुगडे परत घेऊन आलेल्या बाईसमोर ते उभे राहत नाही. या वर्षीच्या मालात काय उणे आहे हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही, आणि लिहिलेले खोटे ठरल्यास त्याची पत जात नाही, कारण त्याला पत नाहीच. ज्याने मिळविलेली माहिती स्वतःची आहे आणि जो आपल्या वाक्याखाली जबाबदारीने उभा राहतो, त्याने यंत्राला मुनीम म्हणून वापरावे : मसुदा करून घ्यावा, पर्याय मागावेत, पण जमाखर्चावर सही आपली करावी. मुनिमाला पेढी सोपवून झोपी जाणाऱ्या शेटजींचे काय होते, हे आपल्या समाजाला नव्याने सांगण्याची गरज नाही.

व्यापारी बंधूंस

येथवर तरुणांना सांगितले. आता दोन शब्द आमच्याच बंधूंना. हीच स्मरणिका चाळून पाहावी. पानापानावर 'हार्दिक शुभेच्छांसह' एवढे शब्द, खाली पेढीचे नाव, त्याखाली 'घाऊक व किरकोळ व्यापारी' आणि दूरध्वनी क्रमांक. या पानांवरच स्मरणिका निघते, म्हणून आम्ही कृतज्ञ आहोत; पण खरे सांगावयाचे तर ही जाहिरात नव्हे, हा आहेर आहे. आहेर देण्यात गैर काहीच नाही. मात्र आहेर करून जाहिरात केल्याचे समाधान मानू नये. त्याच पानात आपल्या पेढीची एक तरी खरी, दुसऱ्या कोणालाही न शोभणारी गोष्ट सांगता आली असती.

दुसरे असे, की घासाघीस हा आपला स्वभाव आहे आणि तो सुताच्या गाठीपुढे शोभतो. परंतु ओळखीच्या मुलाला बोलावून "जरा चार ओळी लिहून दे, तुला काय वेळ लागणार?" असे म्हणून, चहा पाजून, फुकट काम करून घेणे हा व्यवहार नव्हे. आपण तराजूत टाकलेल्या मालाचे पैसे मागतो. त्याचा माल तराजूत दिसत नाही, एवढाच फरक. आता तर उद्यम-नोंदणी केलेल्या सूक्ष्म व लघु व्यावसायिकाचे देणे, २००६ च्या कायद्याप्रमाणे, लेखी करार नसल्यास १५ दिवसांत आणि करार असला तरी ४५ दिवसांच्या आत चुकते करावे लागते. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक-दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज पडते. पण कायद्याचा धाक कशाला? ज्याच्याकडून पत निर्माण करून घ्यावयाची, त्याच्याशी आपली पत आधी राखावी.

तिसरे आणि आमच्या मनाला अधिक लागलेले : आपल्या घरांत उत्तम लिहिणाऱ्या मुली आणि सुना आहेत. त्यांचे लेखन रांगोळीच्या बक्षीस-समारंभातील निवेदनापुरते राहते. घरच्या पेढीची पत्रे, पाकिटे, माहितीपत्रके त्यांच्याकडे योग्य मोबदल्याने सोपवून पाहावीत. घरच्या खरेदीत त्याच गिऱ्हाईक असतात. गिऱ्हाइकाचे मन त्यांना आपल्याहून अधिक कळते.

वर्षातून एक दिवस आपण वहीपूजन करतो. त्या दिवशी गादीशेजारी एक लेखणीही ठेवलेली असते. तिच्यावर हळदकुंकू वाहतो आणि दुसऱ्या दिवसापासून तिने केवळ आकडे लिहावेत अशी अपेक्षा करतो. यापुढे एखाद्या मुलाने तीच लेखणी उचलून "मला हिच्यावर जगायचे आहे" असे म्हटले, तर त्याला अडवू नये. त्याला एवढेच विचारावे : मालाची माहिती कोठून आणशील? दर कसा काढशील? आणि तुझी हुंडी घेऊन गिऱ्हाईक परत आले, तर सकारशील काय? या तीन प्रश्नांची उत्तरे त्याच्याजवळ असतील, तर त्याने दुकान सोडले असे समजू नये. घराण्याची आणखी एक शाखा उघडली, असे समजावे.